कानाला सोबत

अंध व्यक्तीच्या आयुष्यात वाजणारी-बोलणारी साधने वयाप्रमाणे येत जातात. लहानपणी येतो आत छर्रे असलेला चेंडू. मेलबर्नच्या अंध कामगारांनी १९२२ मध्ये डब्यात खडे घालून क्रिकेट सुरू केले, त्याचाच हा वारसा. कठीण प्लास्टिकचा हा चेंडू हाताखालून, जमिनीलगत टाकतात आणि त्याच्या खुळखुळाटावर फलंदाज बॅट फिरवतो.

शाळेत ब्रेलच्या जोडीला ध्वनिमुद्रित पुस्तके येतात, पुढे संगणक. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे ‘एनव्हीडीए’ हे सॉफ्टवेअर मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ पासून घडवले. ते मोफत आहे, मराठीही वाचते. आवाज यांत्रिक, उच्चार अधूनमधून ओबडधोबड. तरी पेण किंवा रोह्याच्या मुलाला घरबसल्या, कुणाला न विनवता वाचता येणे ही फार मोठी गोष्ट आहे.

स्वयंपाकघरातले साधन याहून साधे. कपाच्या काठाला एक छोटी डबी अडकवतात, तिच्या तारा आत उतरतात. चहा तारांना टेकला की विद्युतमंडल पूर्ण होऊन डबी वाजते. बोट बुडवून, भाजून घेऊन अंदाज बांधावा लागत नाही.

घराबाहेर मात्र कान आधीच कामात गुंतलेले असतात. पेणच्या एसटी स्थानकात इंजिनांची घरघर असते. रोह्यात पत्र्यावर पावसाची सर कोसळू लागली की मनगटावरचे बोलके घड्याळ ऐकूच येत नाही. इअरफोन घालावा, तर मागून येणारी रिक्षा कळत नाही. म्हणून चांगले साधन मोजकेच बोलते. आयआयटी दिल्लीची २०१४ मध्ये आलेली ‘स्मार्टकेन’ ही काठी पुढचा अडथळा मुठीला थरथरून कळवते. रिझर्व्ह बँकेचे २०२० मधील ‘मनी’ ॲप नोटेची किंमत ऐकवते किंवा कंपनाने सांगते. नोट खरी की खोटी, हे मात्र ते ठरवत नाही.

रेल्वेत उद्घोषणेने गाडी कळते, डबा कळत नाही. मुंबईच्या लोकल स्थानकांवर दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीपर बसवले गेले. दिवा–रोहा मार्गावर अशा आवाजाची गरज अधिकच आहे, कारण गाड्या मोजक्या. डबा शोधता शोधता एक सुटली की पुढच्या गाडीसाठी तासन्‌तास थांबावे लागते.