फोनच्या नोंदी कुणाच्या कामाच्या?

आमच्या शेजारच्या खाला फोनवर बोलताना ‘स्फोट’ हा शब्द आला की आवाज खाली आणतात. कुकर फुटल्याची गोष्ट असली तरी! आम्ही बायका हसतो. पण ‘खाला, घाबरता कशाला?’ असे विचारायला कुणी धजत नाही.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये बॉम्ब फुटले. घरी निघालेली १८० हून अधिक माणसे गेली. असे करणाऱ्यांना हुडकण्यासाठी पोलिसांनी फोन ऐकूच नयेत, असे मी म्हणणार नाही. माझे विद्यार्थीही लोकलनेच फिरतात. प्रश्न परवानगीचा आहे. टॅपिंगवर अंकुश हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बजावले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे २०१७ मध्ये सांगितले. तरी परवानगी देतात गृहखात्याचे सचिव आणि ती तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश त्यात नाही. बोर्डाचे पेपरसुद्धा आम्हाला आमच्याच शाळेचे तपासायला देत नाहीत!

लोकलच्या खटल्याला मोक्का लागला. या कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुलीही पुरावा ठरते. १३ जणांवर खटला चालला. त्यांतले अब्दुल वाहिद शेख, पेशाने माझ्यासारखेच शिक्षक, नऊ वर्षांनी २०१५ मध्ये निर्दोष सुटले. बाकी १२ जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक २०२१ मध्ये कैदेतच कोविडने वारला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली; सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही.

मला टोचते ती फोनची गोष्ट. स्फोटांच्या वेळी आपण कुठे होतो हे दाखवण्यासाठी मोबाईलच्या कॉल-नोंदी मागत होते ते आरोपीच. सरकार पक्षाने त्या पुढे आणल्या नाहीत आणि उच्च न्यायालयाने त्याबद्दल ताशेरे ओढले. पकडताना फोन कामाचा आणि सोडवताना निकामी, हे कसे?

भाडेकरूचा फॉर्म, सिमकार्डाचे कागद, अंगठ्याचा ठसा, सगळे आपण निमूट देतो. ती सरकारकडे ठेवलेली आपली अमानत आहे. फोन ऐकायचा तर न्यायाधीशाची सही घ्यावी. मुदत संपली की कंपन्या नोंदी पुसतात. पण अटक झालेल्या माणसाच्या नोंदी खटला संपेपर्यंत जपल्या पाहिजेत आणि त्याच्या वकिलाला पहिल्या महिन्यातच मिळाल्या पाहिजेत.