वय विचारलं की सण सांगायचे

आमच्या घरात वडील, दोन्ही काका आणि आत्या अशा सगळ्यांचा वाढदिवस एकाच तारखेला येई, १ जूनला. त्यात ग्रहमानाचा काही संबंध नव्हता. शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. पुढे नोकरीतही ही तारीख पाठ सोडत नसे. ३१ मे उजाडला की जळगाव-धुळ्याच्या कचेऱ्यांत शाली आणि नारळ कमी पडावेत, इतके लोक एका दमात निवृत्त होत.

तारीख ठाऊक नसली तरी वय मात्र पक्कं ठाऊक असे. आजीला आम्ही मोठी आई म्हणायचो. तिला माझ्या धाकट्या भावाचं वय विचारलं, तर उत्तर यायचं, "बहात्तरच्या दुष्काळात रांगत होता ना तो! मिलोची लाल भाकरी कुस्करून भरवली त्याले." माझ्याबद्दल विचारलं तर, "आखाजीले झोक्यावर एकटा बसाया लागला, त्या साली घराचं छप्पर शाकारलं." तिच्या हिशेबात माणूस आकड्यांनी वाढत नसे. सणातली त्याची जागा बदलली, की तो वाढला.

मला स्वतःला शाळेत घेतलं ते कानाच्या जोरावर. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला पाहिजे, ही परीक्षा. पहिल्या वर्षी बोटं कानाच्या वर दोन अंगुळं थांबली आणि माझी घरी रवानगी झाली. पुढच्या जूनमध्ये कान असा गच्च धरला, की गुरुजींना "सोड आता" म्हणावं लागलं. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या सुमारे पाव असतं, मोठेपणी ते जेमतेम आठवा हिस्सा उरतं. मधल्या काळात हातपाय लांबतात आणि सहा-सात वर्षांच्या सुमारास हात कानाला पोचतो, हे मी फार उशिरा वाचलं. गुरुजींनी ते कुठे वाचलं असेल असं वाटत नाही, पण त्यांची पट्टी अगदीच चुकीची नव्हती.

सणातली पहिली जागा संक्रांतीच्या बोरन्हाणाची. पाटावर बाळ, अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून ओतलेली मेहरूणची बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. बाळाने भोकाड पसरलं तर मोठी आई खूश व्हायची. "माणसं वळखू लागलं," म्हणायची. सात-आठ महिन्यांचं मूल परक्या चेहऱ्याला बिचकतं, ते त्याला आपली माणसं कळू लागल्याचं लक्षण, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोन-तीन संक्रांती गेल्या की तेच बाळ दुसऱ्याच्या पाटाभोवती बोरं लुटायला तयार. लुटता आली म्हणजे त्याचं पहिलं प्रमोशन.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी यायच्या, कडुनिंबाला झोके लागायचे आणि घरात खापरावरचे मांडे व्हायचे. आमरस मात्र माणसांच्या मानाने कमीच. धाकटा भाऊ वाटीकडे बघून रडायला लागला, की आई तीच वाटी एका उभट पेल्यात ओतायची. रस वर चढलेला दिसला की स्वारी खूश! आक्का आणि मी एकमेकांकडे बघून हसायचो, कारण दोन-तीन आखाज्यांपूर्वी आम्हीही याच पेल्याने फसलो होतो. तिकडे जिनिव्हात जाँ पियाजे यांनी मुलांसमोर हाच प्रयोग पाणी ओतून केला. रुंद भांड्यातलं पाणी उंच भांड्यात गेलं तरी तेवढंच राहतं, हे मुलाला साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पटतं, असं त्यांनी दाखवलं. आईचा पेलाही त्याच सुमारास निकामी व्हायचा. मग तिला रस खरोखर वाढवावा लागे, बहुतेक स्वतःच्या वाटणीचा.

भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी बसले, की कोजागिरीपर्यंत महिनाभर संध्याकाळ आक्काची. जुन्या जळगावातल्या गल्ल्यांतून टिपऱ्या वाजवत पोरींचा घोळका घरोघर फिरे. पुढे थोराड मुली, त्यांना सगळी गाणी तोंडपाठ. मध्ये आक्काच्या वयाच्या. शेपटाला कडव्याचा शेवटचा शब्द तेवढा जोरात म्हणणाऱ्या चिमुरड्या. गाण्यांत माहेर, सासर, नणंद, डोहाळे, पाळणा सगळंच. आठ वर्षांच्या पोरी पुढच्या तीस वर्षांच्या संसाराची तालीम करत आहेत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नसायचं. आमचं, म्हणजे पोरांचं, लक्ष फक्त खाऊच्या डब्यावर.

डबा खुळखुळवायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं. खारं की गोड? मऊ की कडक? आमच्या घरची पाळी आली, तेव्हा तीन वर्षांच्या धाकट्याने डबा हलायच्या आत ओरडून सांगितलं, "शेंगा हायेत!" आक्काने कपाळावर हात मारला. आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसतं, ही जाणीव साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी येते, तोवर गुपित ही वस्तूच मुलापाशी नसते. पुढच्या भुलाबाईला तो दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला. त्याच्याही पुढच्या वर्षी साळसूदपणे म्हणाला, "राजगिऱ्याचे लाडू हायेत." डब्यात खोबरं-साखर होती. मोठ्या आईने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता झाला हा शहाणा," ती म्हणाली. पोराचं पहिलं खोटं तिने शाबासकी देऊन साजरं केलं.

दिवाळीतल्या कार्तिकाच्या पाडव्यापासून रोज संध्याकाळी देवाचं वहन निघायचं आणि एकादशीला रामाचा रथ. आप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला हा रथोत्सव म्हणजे आम्हा जुन्या जळगावकरांचं खरं वयाचं पुस्तक. पहिली काही वर्षं रथ वडिलांच्या खांद्यावरून पाहायचा. मग खांद्यावर बसायची लाज वाटू लागते आणि गर्दीत वाट काढत रथाच्या जवळ जायचं. मिसरूड फुटलं की दोर. माझा हात पहिल्यांदा दोराला लागला, तेव्हा तळव्याची सालं निघाली होती आणि ती मी आठवडाभर शाळेत मिरवली.

पण रथाची खरी मालकी दोरवाल्यांकडे नसते. रथाला ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. चालत्या चाकाखाली नेमक्या क्षणी लाकडी मोगरी सारायची, तेव्हा तो वळतो, थांबतो. क्षण चुकला तर हात गेला, नाहीतर कुणाचा तरी ओटा गेला. सोळा-सतराव्या वर्षी मला वाटे, यात काय अवघड! तसं मी एका मोगरीवाल्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आता दोर ओढू राहिला ना? ओढ मग. मोगरीचं नंतर बघू." धोक्याचा तोल सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो, असं आता शास्त्रज्ञ सांगतात. आमच्या गावाने त्या वयाच्या मुलांना अंगातली रग जिरवायला दोर दिला होता आणि मोगरी मुरलेल्या हातांत ठेवली होती.

चाळिशीची जागा मला आईमुळे कळली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. भाऊबंद जमतात, रोट होतात, रात्रभर जागरण चालतं. कित्येक वर्षं आई फक्त दळायला आणि निवडायला. एका साली मोठ्या आईने मांडणीची सगळी जबाबदारी तिच्यावर टाकली आणि स्वतः भिंतीला टेकून बसली. त्या दिवसापासून जावा, पुतण्या सगळ्या आईला विचारून हलू लागल्या. एरिक एरिक्सन यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. अहमदाबादच्या गिरणी संपावरून गांधीजींवर ग्रंथ लिहिणारे तेच हे. त्यांच्या मते मधल्या वयाचं काम म्हणजे पुढच्या पिढीला हाताशी धरणं. आईने एरिक्सन वाचला नव्हता, पण त्याच रात्री तिने आक्काला पुरणाचं गणित शिकवायला घेतलं.

आणि मोठी आई? पुढे पुढे ती नातसुनांची नावं विसरायची, सकाळी चहा झाला की नाही हेही विसरायची, पण भुलाबाईचं गाणं अडलं की कडवं तिच्याच तोंडून यायचं. मेंदूचा वेग उतरणीला लागला तरी शब्दांचा साठा साठीपर्यंत वाढतच असतो, म्हणतात. या गोष्टीला आमच्या गावात तरी पुराव्याची गरज नाही. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या, जळगावच्या चौधरी वाड्यात नांदलेल्या बहिणाबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. ऐन तारुण्यात वैधव्य आलं. जात्यावर, शेतात ओव्या रचत राहिल्या आणि मुलाने, सोपानदेवांनी, नात्यातल्या एकाच्या मदतीने त्या उतरवून घेतल्या. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या, १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापली गेली. आज विद्यापीठाला नाव आहे ते त्यांचंच.

दहा ते तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाला म्हातारपणी सर्वांत ठळक आठवतात, असंही आता सिद्ध झालंय. माझ्या वयाचे लोक दिवाळी अंकांत दोर, झोके आणि टिपऱ्यांवरच का लिहितात, त्याचं कारण हे असावं. त्यात हळवेपणापेक्षा मेंदूचीच खोड जास्त.

यंदा चार वर्षांचा नातू पुण्याहून एकादशीला येतोय. खांदा त्याच्या बापाचा. मला ओट्यावरची जागा मिळाली आहे आणि तिथे कामं बरीच आहेत: चपला राखायच्या, पाण्याचा हंडा भरून ठेवायचा, जाणाऱ्या प्रत्येकाला "तू कुणाचा रे?" विचारायचं आणि भिलपुऱ्यापर्यंत रथ कधी पोचेल याचा अंदाज मोठ्याने सांगायचा. रथ समोर आला की पोराला खाली उतरवून दोराला हात लावू द्यायचा, हे मी मुलाला फोनवर दोनदा बजावलंय. मोगरीचं मात्र त्याच्या पंचविशीनंतर बघू.