अब्बांचा कॉम्प्युटर

आमच्या घरी माडीवर एक जुना कॉम्प्युटर आहे. अब्बांनी तो 2008 साली घेतला. तरुणपणी ते जहाजावर इंजिनखोलीत होते. परत आल्यावर तहसील कचेरीबाहेर मराठी टाइपरायटर घेऊन बसत आणि लोकांचे अर्ज टाइप करून देत. उतारवयात हाताला कंप सुटला, पेन धरवेना. पण कळफलकावर बोटे बरोबर पडत. म्हणून हा कॉम्प्युटर आला. फजरची नमाज झाली की चहाचा कप शेजारी ठेवून ते आपल्या जहाजावरच्या दिवसांच्या आठवणी लिहीत.

2017 साली रमजान ईदला आम्ही तिघे भावंडे घरी जमलो. कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी होते. त्याला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट मिळणे 8 एप्रिल 2014 लाच बंद झाले होते. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यावर विंडोज 10 चढवले. अब्बांच्या फायली डी ड्राइव्हवर होत्या, त्यांना हात लावला नाही. अब्बा खुर्चीत बसून बघत होते. काही बोलले नाहीत. आम्हाला वाटले, खूश आहेत.

2021 साली त्यांचा इंतकाल झाला. गेल्या वर्षी अम्मीने विषय काढला, “ते रोज लिहीत होते ना? मला वाचून दाखवा.” आम्ही माडीवर गेलो. कॉम्प्युटर सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागली. फायली सापडल्या, पण उघडेनात. नोटपॅडमध्ये उघडल्या तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी.

कारण हळूहळू उमगले. अब्बांचे मराठी टाइपिंगचे सॉफ्टवेअर फार जुने, 16-बिटचे होते. आम्ही टाकलेले विंडोज 10 हे 64-बिट, आणि त्यावर 16-बिटचा प्रोग्राम चालतच नाही. शिवाय तो जुना फॉन्ट युनिकोडचा नव्हता. तेव्हाच्या अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला असे. फॉन्ट नसेल तर मागचे इंग्रजी तेवढे दिसते.

जुने विंडोज परत आणायचे ठरले. धाकट्याचे मत वेगळे होते, “एवढ्या खटपटीपेक्षा एखाद्या दुकानात द्या.” पण अब्बांची अमानत दुसऱ्याच्या हाती द्यायला अम्मी तयार नव्हती.

सर्वांत आधी आम्ही डी ड्राइव्हच्या दोन प्रती केल्या, एक पेन ड्राइव्हवर आणि एक धाकट्याच्या लॅपटॉपवर. बिस्किटांच्या डब्यात एक्सपीची मूळ सीडी आणि टाइपिंगची सीडी सापडली. 25 अक्षरांची की कॅबिनेटच्या मागच्या स्टिकरवर होती. धूळ पुसून भिंगाने वाचावी लागली. घड्याळाचा गोल सेल संपला होता, तो बदलला.

पहिल्याच पायरीला अडखळलो. सीडी सुरू झाली, निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आली, आणि निरोप आला की या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कच नाही. काळजात धस्स झाले. वास्तविक डिस्क ठीक होती. विंडोज 10 टाकताना आम्हीच बायोसमध्ये साटाची सेटिंग एएचसीआय केली होती आणि एक्सपीच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नसतो. ती सेटिंग पुन्हा आयडीई केल्यावर डिस्क दिसू लागली.

मग आला खरा धोक्याचा क्षण. कोणत्या भागावर विंडोज टाकायचे, ते विचारले जाते. तिथे नुसत्या सी-डी या अक्षरांवर विसंबून चालत नाही, ती बदललेली असू शकतात. आम्ही प्रत्येक भागाचा आकार कागदावर लिहून ठेवला होता. तो दोनदा ताडून पाहिला आणि ‘बिस्मिल्लाह’ म्हणून एंटर दाबले. पिवळी पट्टी भरली. पुढच्या पडद्यावर ‘39 मिनिटे’ दिसू लागले. मगरिबच्या अजानच्या सुमारास ती हिरवी टेकडी आणि निळे आकाश पडद्यावर उमटले.

टाइपिंगचे सॉफ्टवेअर टाकले, फाइल उघडली, आणि अब्बांचे मराठी समोर आले. अम्मी जिन्यावरूनच विचारत होती, “दिसते का?”

दिसले, आणि आणखीही काही दिसले. शेवटच्या फाइलची तारीख होती 24 जून 2017. ईदला दोन दिवस होते. त्यानंतर अब्बांनी एक अक्षरही लिहिले नव्हते. त्यांच्या बोटांना टाइपरायटरचा रेमिंग्टन कळफलक पाठ होता; नव्या विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक, त्यात बहुतेक अक्षरांची जागा निराळी. आम्ही सुधारणा केली असे समजत होतो, आणि त्यांच्या हातातली लेखणीच काढून घेतली होती. त्यांनी चार वर्षे तक्रार केली नाही. आम्हीही एकदा विचारले नाही, “अब्बा, हल्ली लिहीत नाही का?”

शेवटचे वाक्य मोंबासा बंदरात जहाज लागल्यापाशी अर्धेच राहिले आहे. अम्मीला पुढचे थोडे आठवत होते, ते आम्ही लिहून घेतले. बाकीचे अब्बांबरोबर गेले.

आता सगळ्या फायली युनिकोडमध्ये आणल्या आहेत. बदलताना ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरे फार बिघडतात, म्हणून तिघे मिळून ओळ न् ओळ तपासतो आहोत. तपासलेली पाने छापून अम्मीला दर जुम्म्याला वाचून दाखवतो. जुन्या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडलेले नाही. अपडेट नसलेल्या एक्सपीला ते जोडणे धोक्याचेच.

वाचकहो, तुमच्याही घरी एखादा जुना कॉम्प्युटर किंवा मोबाइल वडीलधाऱ्यांच्या हाताखालचा असेल. त्यातले लिखाण, फोटो यांच्या दोन प्रती आजच करून ठेवा. आणि त्यात काही बदलण्याआधी शेजारी बसून एवढे तरी विचारा, “तुम्ही यावर रोज काय करता, मला दाखवाल का?” आम्ही त्या ईदला हे विचारले असते, तर मोंबासाच्या पुढची बंदरेही आज आमच्याजवळ असती.