रात्री नेलेलं पाणी

टेक्सासच्या सीमेवरच्या वाळवंटात लुवेलिन मॉसला गोळ्या लागून पडलेली माणसं सापडतात, हेरॉइन सापडतं आणि चोवीस लाख डॉलर भरलेली बॅग. बॅग उचलून तो घरी येतो. पण तिथला एक जखमी माणूस पाणी मागत होता. मध्यरात्री मॉस पाण्याचा कॅन भरून परत निघतो. तोवर तो माणूस मेलेला असतो, आणि मॉस मारेकऱ्यांच्या नजरेला पडतो. कॉर्मॅक मॅकार्थीच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ (2005) या कादंबरीतला पाठलाग इथून सुरू होतो.

विशीत मी हे वाचलं तेव्हा मॉसवर चिडले होते. पैसे घेतलेस ना, मग आता कशाला जातोस? आमच्या घरी श्रावणात कहाण्या वाचत. त्यांत दिलेल्या घोटभर पाण्याचंही पुण्य फळाला येई. इथे त्याच पाण्यापायी माणूस जिवाला मुकत होता.

पुढे मॅकार्थीचीच ‘ब्लड मेरिडियन’ (1985) हाती आली. 1848 साली अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातलं युद्ध संपून नवी सीमा आखली गेली होती. मेक्सिकोतलं चिवावा राज्य अपाची आदिवासींच्या टाळूमागे रोख पैसे मोजत होतं. कापलेले केस कुणाचे, हे कोण ओळखणार? हे पैसे मिळवायला निघालेली ग्लँटनची टोळी निरुपद्रवी आदिवासींना मारू लागली, मग मेक्सिकन गावकऱ्यांनाही. ही टोळी खरोखरच होऊन गेली. मारायचे पैसे सरकारच देत असेल तर कायद्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही. मग ज्याला त्याला स्वतःलाच विचारावं लागतं.

घरात मोठं आजारपण आलं त्या वर्षी मी ‘द क्रॉसिंग’ (1994) वाचत होते. सोळा वर्षांचा बिली सापळ्यात सापडलेल्या गाभण लांडगिणीला मारत नाही. तिला तिच्या डोंगरात सोडायला तो मेक्सिकोची सीमा ओलांडतो. पलीकडे लोक तिला हिसकावून कुत्र्यांशी झुंजवतात. शेवटी तोच तिला गोळी घालून सोडवतो आणि बंदूक देऊन तिचं कलेवर मागून घेतो. आमचं माणूस बरं होणार नव्हतं. तरी रोज कूस बदलायची, ओठ ओले करायचे. बिलीने लांडगिणीला पुरण्यासाठी डोंगर का गाठला, हे मला तेव्हा कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मॅकार्थी चांगुलपणाला संरक्षण देत नाही, म्हणून काहींना तो निष्ठुर वाटतो. मला तो फार विश्वासू लेखक वाटतो. चोरलेला पैसा आणि नेलेलं पाणी, दोन्ही एकाच माणसाच्या हातून घडतं, आणि मॅकार्थी एकाने दुसरं पुसत नाही. कहाणीत वसा घेतला की फळ ठरलेलं असतं. फळाची काहीही आशा नसताना वसा न टाकणारी माणसं मला त्याच्या या सीमेवर भेटली, आणि माझी श्रद्धा आज त्यांच्यावर आहे.