तो खटका परत बसव

मिरज

चि. निखिल,


काल फोनवर तू किती सहज सांगितलंस! "आत्या, गीझर लावला की अख्ख्या घराची लाइट जायची. इलेक्ट्रिशियननं ती ईएलसीबीच काढून थेट जोडून दिलं. आता एकदम मस्त. फक्त पाणी पूर्वीसारखं तापत नाही, काय असेल गं?" आणि वर हसलास. अगदी दादासारखा. दादानंही वाड्यातल्या फ्यूजमध्ये काय घातलं होतं, ते तुला माहीत आहे. तो विषय मी पुन्हा काढणार नाही.

तुझा फोन ठेवला नि लगेच तुझ्या ऋताला लावला. गीझरची एमसीबी तिच्याकडून खाली पाडून घेतली. तुझ्याशी वाद घालत बसले असते तर सकाळी तू आंघोळ उरकून मोकळा झाला असतास.

आता नीट ऐक. ईएलसीबी एकच गोष्ट बघते: फेजमधून जेवढा करंट गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का? घरातल्या ईएलसीबीला साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की ती पडते. तो फरक जमिनीत गेलेला असतो. टाकीच्या पत्र्यातून, पाण्यातून, आणि अर्थिंग धड नसेल तर नळाखाली ओल्या अंगानं उभ्या असलेल्या माणसातून. "एमसीबी आहे की" म्हणशील. अरे, तुझा दोन किलोवॉटचा गीझर एरवीच आठ-नऊ अँपिअर ओढतो. त्याच्या एमसीबीला माणसातून जाणारे काही मिलिअँपिअर कळणारसुद्धा नाहीत. ती वायरींसाठी असते, ईएलसीबी आपल्यासाठी. म्हणजे तुमच्या त्या हुशार माणसानं वायरी सुरक्षित ठेवल्या आणि तुम्हा तिघांना उघड्यावर सोडलं.

गळती बहुतेक कॉइलमध्येच असणार. कॉइल म्हणजे नळी, आत तापणारी तार, आणि दोन्हींच्या मध्ये ठासून भरलेली पांढरी पूड. नळीला बारीकशी चीर गेली की पुडीत पाणी शिरतं आणि तारेतला करंट बाहेर वाट काढतो. चीर का जाते? तुमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी. ते तापलं की त्यात विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवरच, थरावर थर बसतो. मग कॉइलची उष्णता पाण्यात जायची ती आतच कोंडते आणि कॉइल स्वतः भाजत राहते. गीझरमधून कडकड आवाज येतो असं ऋता दिवाळीत म्हणाली होती, तेव्हाच तू लक्ष द्यायला हवं होतंस. पण तेव्हा तू बाल्कनीतल्या दिव्यांच्या माळा लावण्यात गर्क.

तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तरही बरंचसं त्या पुटातच आहे. तरी हे पडताळून बघ, मात्र ईएलसीबी परत बसल्यावर आणि नवी कॉइल लागल्यावरच. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला दोन किलोवॉटला वीस-बावीस मिनिटं लागतात. लाल दिवा पाच-सात मिनिटांतच विझत असेल, तर थर्मोस्टॅट बिघडलाय किंवा क्षारात गाडला गेलाय. टाकी चांगली तापते पण बादलीत कोमट येतं, असं असेल तर गीझरला दोष देऊ नकोस. वीज बंद असताना गीझरकडे जाणाऱ्या गार पाण्याचा कॉक बंद कर आणि नुसता गरम नळ उघड. पाइपातलं पाणी संपून धार थांबली पाहिजे. येतच राहिली, तर शॉवरच्या मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत घुसतंय. प्लंबरचं काम.

सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याच्या तोंडाला टेप गुंडाळलीय, हेही ऋताकडूनच कळलं. सोड ती टेप, आत्ताच्या आत्ता! पंधरा लिटर पाणी तापताना पाव लिटरभर फुगतं. मागे फिरायला वाट नसेल तर ते त्या व्हॉल्व्हमधूनच बाहेर येणार, आणि यायलाच हवं. गीझर बंद असतानाही ठिबकत असेल, तर तो बदल. बुजवायचा मात्र नाही. आणि कॉइल बदलायला टाकी उघडतीलच, तेव्हा आतली मॅग्नेशियमची कांडी बघायला सांग. टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजायची, एवढंच तिचं काम. तुमच्या पाण्यात ती कधीच संपली असेल.

निखिल, मला राग गीझरचा नाही. आपल्याला जे जे अडवतं, ते काढून टाकायची जी सवय लागलीय ना सगळ्यांना, तिचा आहे. फ्यूज उडतो, घाला जाड तार. कुकरचा सेफ्टी प्लग वितळला, बसवा फुटपाथवरचा दोन रुपयांचा. इतकी वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत घसा फोडून सांगितलं की फ्यूज उडाला म्हणजे फ्यूज बिघडला नाही, त्यानं काम केलं. समोर मान डोलावणारी तीच मुलं आज इंजिनिअर होऊन असले उद्योग करतात. तू तर पहिल्या बाकावर होतास!

पण मला झोपू दिलं नाही ते तुझ्या शेवटच्या वाक्यानं. "नाहीतर सरळ गॅस गीझर घेतो, बाथरूममध्ये जागा आहे." बाथरूममध्ये? त्या काचेच्या बंद खोलीत? दर हिवाळ्यात पेपरात येतं ते वाचत नाहीस का? नानांचा बंब धुरकट होता, डोळे झोंबायचे, पण न्हाणीला कौलं होती आणि दाराखाली हातभर फट. गॅस गीझरची ज्योत कोंडलेल्या हवेत अर्धवट जळू लागली की कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो दिसत नाही, झोंबत नाही, त्याला वासही नाही. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, पण तो जळून गेला की वासही गेला. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय लुळे पडतात आणि कडी आतून लावलेली असते. छोट्या ताराला तर "डोकं जड झालं" हे सांगताही येणार नाही. घ्यायचाच असेल तर उघड्या बाल्कनीत बसव आणि तिथून पाइप आत ने. बाथरूममध्ये बसवलास, तर मी तुमच्याकडे राहायला येणार नाही आणि तुझ्या आईलाही येऊ देणार नाही.

इलेक्ट्रिशियन दुसरा बघ. आल्यावर मला फोन लावून त्याच्या हातात दे. गळती तपासायला कॉइलला मेगर लावला का आणि बाथरूमच्या प्लगला अर्थिंग खरोखर आहे का, हे मीच विचारीन. प्लगला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नव्हे.

तोवर पाणी ओट्यावर तापव, पण उकळतं पातेलं उचलून घरभर फिरू नकोस, तारा पायात येते. बादली ओट्यापाशी आण, आधी गार पाणी घाल, मग गरम. आणि ती बादलीत सोडायची रॉड आणायचा विचार मनात आला असेल, तर आजच काढून टाक. ईएलसीबी नसलेल्या घरात रॉड! ऋतालाही हे वेगळं कळवते आहे, म्हणजे "आत्या म्हणाली चालेल" असं तिला सांगायची तुला सोय नको.

तुझी,
आत्या

ता. क. काढलेली ईएलसीबी त्या माणसानं नेली नसेल तर टाकून देऊ नकोस. तिच्यावरचं टेस्टचं बटण जोडल्यावर दाबून बघता येतं. पडली तर तीच परत बसव, नाहीतर नवी आण. पैसे मी पाठवते.