पालकांची वाट

आर्थर क्लार्क यांची १९५३ सालची ‘चाइल्डहुड्स एंड’ ही कादंबरी आम्ही प्रथम कॉलेजात असताना वाचली. तेव्हा आम्हांस राग आला तो परग्रहावरून आलेल्या कॅरेलनचा. युद्धे बंद पाडणारा, पण शिंगे, पंख नि शेपटी असलेले आपले रूप ५० वर्षे लपविणारा हा पालक मानवजातीस अजाण पोर समजतो, हे आमच्या तरुण अभिमानास सोसवेना.

परवा ती पुन्हा वाचली आणि राग कुठल्या कुठे गेला. माणसांची मुले उत्क्रांत होऊन एका विराट विश्वमनात विलीन होतात. त्यांस तेथवर सांभाळणाऱ्या कॅरेलनच्या जातीची वाट मात्र कायमची खुंटलेली! आईबापांस तर मुले ओळखीनाशीच होतात.

आमची कन्या परदेशी संशोधन करते. आपला विषय ती फोनवर उकलून सांगते. आम्ही नुसते ‘हूं’ म्हणतो. तिच्याकडून अंकलिपी गिरवून घेतली ती आम्हीच! आता तिच्या आकड्यांत आमचा शिरकाव नाही. तरी शेवटी ‘जेवलीस का?’ असे विचारता येते, आणि तिकडून उत्तरही येते. बिचाऱ्या कॅरेलनला तेवढीही सोय नव्हती.