चोविसाव्या हिश्शाची मोटार

पंचावन्नावें वर्ष उलटलेल्या माणसानें दुपारच्या वेळीं ओसरीवर बसून पत्र्याची मोटार करावी, ही गोष्ट आमच्या आष्टीसारख्या गांवांत फार काळ गुप्त राहूं शकत नाहीं. पहिल्या आठवड्यांत शेजारच्या वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, नातवासाठीं का?" मला नातू नाहीं हें त्यांना ठाऊक आहे, परंतु त्या प्रश्नांत एक सौजन्य होतें. मीं 'हो' म्हटलें असतें तर माझी अब्रू वांचली असती. दुसऱ्या आठवड्यांत विचारणारे थांबले आणि नुसते पाहूं लागले. तेव्हां मीं ओळखलें कीं, आपली गणना आतां गांवांतल्या निरुपद्रवी वेड्यांत झाली आहे.

येथें एक खुलासा केला पाहिजे. आष्टी म्हटलें कीं कोणी बीड जिल्ह्यांतली समजतो, कोणी वर्धा जिल्ह्यांतली, १९४२ च्या चळवळींत गाजलेली. माझी आष्टी त्या दोहोंहून निराळी. जालना जिल्ह्यांत, परतूर तालुक्यांत. तिचें नांव सांगितल्यावर तालुका व जिल्हा सांगावाच लागतो, आणि तो सांगतांना आम्हां आष्टीकरांचा आवाज थोडा चढतो.

मोटारींच्या लहान प्रतिकृति करण्याचा छंद विलायतेंतून आला असें म्हणतात, आणि जुळणीच्या पेट्यांपुरतें तें खरेंही आहे. पण पोळ्याला घरोघरीं मातीचे बैल होत असत, ते काय होते? कुंभार बैलाचें वशिंड आणि शिंगें ठेवतो व बाकीचा बैल सोडून देतो. तरी त्याला कोणी म्हैस म्हणत नाहीं. काय ठेवावें आणि काय सोडावें, एवढाच तर या कलेंतला सारा प्रश्न आहे. पोळा सरला कीं आम्ही मुलें तारेच्या गाड्यांकडे वळत असूं. बांधकामावरची बारीक तार, झिजलेल्या रबरी चपलेंतून कापलेलीं चाकें, आणि उभ्यानें हांकतां यावी म्हणून एक लांब काठी. त्या गाडीला पाहून ही अमुक कंपनीची असें कोणीं सांगितलें नसतें. परंतु ती वळे, आणि वळतांना आम्ही तोंडानें आवाज काढीत असूं.

विलायतेंतली हकीकत याहून फारशी निराळी नाहीं. एका इंग्रज मुलीच्या शाळेंत काड्यापेटींत मावेल एवढेंच खेळणें आणण्याची मुभा होती, म्हणून तिच्या बापानें, जॅक ओडेल या कारागिरानें, पितळेचा इवलासा रस्त्याचा रोलर करून दिला. त्यांतूनच १९५३ सालीं 'मॅचबॉक्स' गाड्या निघाल्या. जुळणीच्या पेट्यांसाठीं पुढें नांवाजलेल्या एअरफिक्स कंपनीची पहिली प्रतिकृति १९४९ सालची, आणि ती होती फर्ग्युसन ट्रॅक्टरची. एकाचा आरंभ रस्त्याच्या रोलरानें, दुसऱ्याचा ट्रॅक्टरानें. आमच्या गांवाला दोन्ही समजले असते, आणि त्यांतला पहिला तर हवाच होता.

मीं जी मोटार करायला घेतली ती आमच्या घरची फियाट. अण्णांनीं, म्हणजे माझ्या वडिलांनीं, ती १९८३ सालीं त्या वेळच्या औरंगाबादेहून जुनी विकत आणली. अण्णा कापसाचे लहानसे व्यापारी होते. मोटार घेण्याइतके मोठे खचित नव्हते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटालियन नमुन्यावरून ही अकराशें क्रमांकाची गाडी १९६४ पासून होऊं लागली आणि १९७४ मध्यें तिला 'पद्मिनी' हें नांव मिळालें. विसावें शतक सरतां सरतां तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं एखाद्या नटीला द्यावा तसा तिला निरोप दिला. पण आमच्याकडे तिला पद्मिनी कोणीच म्हटलें नाहीं. ती 'अण्णांची फियाट' होती. तिचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला असे आणि पुढची बैठक सलग असे, त्यामुळें लग्नसराईत तिच्यांत किती माणसें बसत याचा हिशेब लागत नसे. थंडीच्या सकाळीं चोकची मूठ ओढून अण्णा तिच्याशीं कांहीं तरी पुटपुटत. गांवांतले निम्मे नवरदेव तिच्यांतून मिरवले. साप चावलेलीं माणसें आणि अडलेल्या बाया तिच्यांतूनच परतुरास व तेथून जालन्यास गेल्या. आजाऱ्याकडून अण्णांनीं पेट्रोलचे पैसे घेतल्याचें मला आठवत नाहीं; नवरदेवाकडून घेतल्याचें आठवतें.

काळ्यापिवळ्या रंगांतली तयार पद्मिनी खेळण्यांच्या दुकानांत मिळते. परंतु आमची फिकट निळी होती. तेव्हां शेंगदाण्याच्या तेलाचा रिकामा डबा फोडून मी पत्रा, कात्री आणि कानस घेऊन बसलों. प्रमाण एकास चोवीस धरलें. हें प्रमाण इंग्रजी फुटाचें अपत्य आहे. मूळचा एक फूट तो प्रतिकृतींत अर्धा इंच. एकास त्रेचाळीस हें दुसरें लोकप्रिय प्रमाण खेळण्यांतल्या आगगाड्यांच्या मापावरून आलें. मूळ फियाट चार मीटरांना थोडी कमी. म्हणजे माझी सुमारें १६ सेंटिमीटर. येथवर गणित सरळ आहे. पुढें तें वांकडें होतें. लांबी २४ पटींनीं घटली कीं पृष्ठभाग ५७६ पटींनीं घटतो, आणि आकारमान १३,८२४ पटींनीं. सुमारें ९०० किलोची फियाट सर्वांगानें चोविसावी करतां आली, तर तिचें वजन अवघें ६५ ग्रॅम भरेल! माझी मोटार, आंत इंजिनाचा पत्ता नसतांना, वाण्याच्या तराजूंत १९० ग्रॅम भरली. मूळ गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड. त्याचा चोविसावा हिस्सा कागदाहूनही पातळ होतो. आणि रंग! कुंचल्यानें दिलेला थर मिलिमीटराचा दहावा भाग जरी झाला, तरी मूळ मापांत तो जवळ जवळ अडीच मिलिमीटर होतो. म्हणजे मोटारीला रंग दिला नाहीं, गिलावा केला. म्हणून जाणते लोक रंग पातळ करून फवाऱ्यानें देतात, आणि चकाकीही मुद्दाम थोडी मारतात. पूर्ण चकाकीची लहान वस्तु कितीही प्रमाणबद्ध असली तरी खेळणेंच दिसते. हें मला तीन वेळां रंग खरवडल्यावर समजलें.

तरी खरी अडचण स्मृतीची होती. सव्वीस वर्षें जी गाडी दारांत होती, तिच्या पुढच्या जाळींत आडव्या पट्ट्या किती, हें मला सांगतां येईना. छायाचित्रें काढलीं. घरांत तिचीं अकरा छायाचित्रें निघालीं, आणि अकराही लग्नांतलीं. प्रत्येकांत जाळी झेंडूच्या माळांखालीं झांकलेली. शेवटीं परतूरला आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलों. आतां ते दुकानांत नुसते बसतात, काम मुलगा करतो. त्यांनीं डोळे मिटले, उजवा हात हवेंत डावीकडून उजवीकडे, मग जरा खालीं, पुन्हां डावीकडून उजवीकडे असा नेला, आणि आंकडा सांगितला. मीं चकित होऊन विचारलें, "तुम्हीं कधीं मोजल्या होत्या?" ते म्हणाले, "मोजायच्या कशाला? पोरगा होतो तेव्हां दोन वर्षं त्या पट्ट्या पुसल्या, मग पाना हातांत मिळाला."

या छंदांतल्या लोकांत एक जुनें भांडण आहे. एका पक्षाचें म्हणणें, प्रतिकृति ही कारखान्यांतून बाहेर पडलेल्या गाडीची असावी. निर्दोष, झळझळीत, किल्ली अजून कोणाच्या हातीं न गेलेली. दुसरा पक्ष म्हणतो, गाडी रस्त्यावर दिसते तशी करावी, चिखलासकट, गंजासकट. या दुसऱ्या पक्षाच्या युक्त्या पाहण्यासारख्या असतात. तळाला गंजाचा तपकिरी रंग द्यायचा, त्यावर ओलसर मिठाचे खडे चिकटवायचे, वरून गाडीचा रंग फवारायचा आणि वाळल्यावर मीठ झाडून टाकायचें. जेथें मीठ होतें तेथें रंगाचा पोपडा उडून गंज उघडा पडल्याचा भास होतो. माझा पुण्याचा भाचा पहिल्या पक्षाचा. त्याच्या कपाटांत साठ-सत्तर गाड्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळशा पेटीबाहेर निघालेल्याच नाहींत. टामिया या जपानी कंपनीनें पोर्शेची प्रतिकृति करण्यासाठीं खरी पोर्शे विकत घेऊन ती सुटी सुटी केली, ही गोष्ट तो देवळांतल्या चमत्कारासारखी सांगतो. त्याचा मामा असल्यामुळें त्याच्याशीं भांडण्याचा मला अधिकार आहे. परंतु या बाबतींत मी त्याच्याच बाजूचा होतों. न झालेला प्रवास मिठानें रंगवणें मला केसांना पांढरा कलप लावून वडीलपण मिरवण्यासारखें वाटे.

जुन्या खऱ्या मोटारी बाळगणाऱ्या लोकांतही हाच वाद आहे. कोणी नट-बोल्टापर्यंत सारें उजळवून घेतात, कोणी मूळचा फिकटलेला रंग जपतात. नव्या कोऱ्या जुन्या गाडीचा उत्तम मासला हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यांत आहे. सहाव्या निजामानें मागवलेली ती पिवळी रोल्स रॉइस १९१२ सालची, मागें सिंहासनवजा आसन असलेली. मागवणारा १९११ सालींच निवर्तला, आणि पुढें ती चालली ती कांहीं शें मैलच. मराठवाडा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता; तेव्हां तिच्या एखाद्या चाकांत आमच्या पणजोबांच्या शेतसाऱ्याचाही पैसा असेल. ती इतकी तेजस्वी कशी राहिली याचें लोक कौतुक करतात. कोठें गेलीच नाहीं, तर मळेल कशी?

मी कारखान्याच्या पक्षाचा होतों याला एक कारण होतें, आणि तें मीं भाच्याला सांगितलें नव्हतें. १९८६ च्या उन्हाळ्यांत, सतराव्या वर्षीं, अण्णा जेवून पडले असतांना मीं किल्ली घेतली. गाडी गल्लींतून काढली तेथवर सारें ठीक झालें. मारुतीच्या पाराशीं वळतांना डाव्या बाजूचें पुढचें मडगार्ड पाराच्या दगडावर बसलें. तळहाताएवढा खड्डा पडला. मीं गाडी परत आणून जागेवर लावली आणि अण्णा उठण्याची वाट पाहत बसलों. ते उठले, बाहेर आले, खड्ड्यावरून एकदां हात फिरवला आणि म्हणाले, "जेवलास का? जेवून घे." पुन्हां त्या गोष्टीचा उच्चार त्यांनीं केला नाहीं, आणि तो खड्डाही कधीं काढून घेतला नाहीं. मिस्त्री दर खेपेस विचारीत, अण्णा दर खेपेस 'राहूं द्या' म्हणत. गाडी धुतांना ती बाजू मी धूत असें.

कांचबिंदूनें अण्णांची दृष्टि गेली तेव्हां फियाट लिंबाखालीं उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्या मागच्या बैठकीवर अंडीं घालूं लागल्या. २००९ सालीं अण्णा उपचारासाठीं महिनाभर शहरांत माझ्या बहिणीकडे होते; त्या महिन्यांत मीं ती भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकली. विचारलें असतें तर ते नाहीं म्हणाले नसते, अशी माझी मीच समजूत घातली होती. मग विचारलें कां नाहीं, याचें उत्तर तेव्हांही माझ्यापाशीं नव्हतें. परत आल्यावर अण्णा काठी टेकत लिंबाखालीं गेले, थोडा वेळ उभे राहिले, आणि आंत येऊन पाटावर बसले. आमच्या भागांतलें भंगार बहुधा जालन्याच्या भट्ट्यांत वितळतें आणि सळई होऊन निघतें. २०१२ सालीं आम्हीं घरावर स्लॅब टाकला, त्याची सळई जालन्याचीच. रात्रीं झोंप लागत नाहीं तेव्हां मी कधीं कधीं छताकडे पाहत पडतों.

मोटार पुरी झाली, म्हणजे मला तशी वाटली, त्या दिवशीं मीं ती अण्णांच्या हातांत दिली. ते आतां नव्वदीला टेकले आहेत. बाजेवर बसून त्यांनीं ती दोन्हीं हातांनीं धरली. बोटें टपावरून डिकीवर गेलीं, चाकांवर गेलीं. जाळीवरून आंगठा फिरला तेव्हां मी मनांत पट्ट्या मोजीत होतों. मग डाव्या मडगार्डावर बोटें थांबलीं, मागें आलीं, पुन्हां पुढें गेलीं.

"कुणाची गाडी हाय ही?"

"आपली, अण्णा."

"आपली नव्हं," ते म्हणाले. "आपलीला हितं खड्डा व्हता."

मीं कांहीं बोललों नाहीं. ते थोडे थांबले. मग मोटार त्यांनीं बाजेच्या लांकडावर टेकवली, डाव्या मडगार्डावर दोन्हीं आंगठे ठेवले आणि अंगांतला होता नव्हता तो जोर लावून दाबलें. डब्याचा पत्रा तो. एक बारीकसा आवाज झाला आणि पत्रा आंत गेला. त्यांनीं बोटानें चांचपून पाहिलें.

"जरा पुढं व्हता," ते म्हणाले, "पर असूं दे."

तेथला रंग तडकून पोपडा निघाला आहे आणि खालचा तेलाच्या डब्याचा पिवळा पत्रा दिसूं लागला आहे. पुढच्या महिन्यांत भाचा येणार आहे. त्याला काय सांगावें तें अद्याप ठरलें नाहीं. एका दिव्याची कांच बसवायची राहिली आहे. आणि काल अण्णांनीं हांक मारून सांगितलें कीं, मागचा उजवा दरवाजा आपला असा नीट लागत नव्हता, जरा उचलून लावावा लागे.